मुका डोंगा

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की आमच्या घरातली माणसं आपापल्या वस्तू उचलून आत नेतात. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला. त्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की तिच्यात काय चुकलंय तेच मला आधी दिसतं. बायकोच्या शिलाई मशीनचं पायडल मी 'हलकं' करून दिलं, तेव्हापासून ती ब्लाउज शिवायला शेजारी जाते. शेजाऱ्यांच्या फाटकाला स्प्रिंग बसवून दिली, तर ते फाटक त्यांच्याच व्याह्यांच्या कपाळावर आपटलं. या गोष्टी मी आजवर हसत सांगत आलो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून ऐकणारेही हसतात. एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगताना हसता येत नाही. ती एका डोंग्याची, मासेमारीच्या छोट्या होडीची आहे. त्या डोंग्यावर एका घराचं पोट होतं आणि मी तो सुधारायला घेतला.

निवृत्तीनंतर मला गळ टाकायचा नाद लागला. आमच्या घरात मासा चालत नाही. "खात नाही तर धरता कायले?" असं बायको पहिल्या दिवसापासून विचारते आहे. दर रविवारी पहाटे अमरावतीहून स्कूटर काढायची, मोर्शी ओलांडून धरणावर जायचं आणि दुपारी जेवायला परत यायचं. धरणावरच्या मच्छीमारांपैकी एकाने मला आपल्या डोंग्यात बसवून न्यायला सुरुवात केली. वयाने तो माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. रविवारी सकाळी त्याचं स्वतःचं काम नसायचं, म्हणून तो मला दोन-तीन तास पाण्यात फिरवायचा. मला जे काही लागायचं ते त्याच्या घरी जायचं.

परतताना काठालगतच्या त्याच्या घरी चहा व्हायचा. त्याची बायको त्याच्या अगदी उलट. बोलायला लागली की कोंबड्या बाजूला व्हायच्या. संत्र्याच्या हंगामात ती रोज सकाळी वरूडला जायची. तिथे एका व्यापाऱ्याकडे फळं निवडून क्रेट भरायचं काम असे. लहान, मध्यम, मोठा असा माल हातानेच वेगळा करायचा. पंधरा वर्षं ते काम करून तिचा हात इतका बसला होता की मालकाने तिला वीस बायांच्या रांगेची मुख्य केलं होतं. "डोये बंद करून सांगतो मी, कोणतं फळ कोणत्या क्रेटात जाते," असं ती एकदा मला म्हणाली होती. नवऱ्याच्या डोंग्याबद्दल ती कधी बोलायची नाही. वरूडच्या तिच्या जागेबद्दल मात्र पाहुण्याला न विचारता सांगायची.

डोंगा पत्र्याचा होता, तळाला चार-पाच फळ्या टाकलेल्या. मला त्याचे तीन दोष पहिल्याच महिन्यात दिसले. उन्हात पत्रा असा तापायचा की बसवत नसे. गळाचा रॉड ठेवायला जागा नव्हती. मी तो दोन गुडघ्यांत धरून बसायचो आणि एकदा चहाचा थर्मास उघडायला गेलो तर अख्खा रॉड माशाने ओढून नेला. तिसरा दोष सगळ्यांत मोठा. डोंगा भयंकर वाजायचा. डबी पडली, पाय घसरला, वल्हं टेकलं की ढण्ण! गळाला लागायच्या बेतात असलेला मासा पळालाच म्हणून समजा. मी त्याच्यावर खेकसायचो, "अरे भाऊ, हळू!" तो लगेच पाय उचलून घ्यायचा. स्वतःच्या डोंग्यात तो माझ्यामुळे चवड्यांवर वावरत असे आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे.

एका रविवारी मी त्याला म्हणालो, "तुझ्या डोंग्याले मस्त गादी लावून देतो आणि रॉड खोचायला नळ्या. बघ, कसा होते!"

"कायले तरास घेता, सर," तो म्हणाला.

"तरास कसला! तू फक्त हो म्हण."

"तुमची मर्जी."

'तुमची मर्जी' याचा अर्थ वऱ्हाडात काय होतो हे मला कळत नाही असं नाही. माझ्या मुलीच्या सासऱ्यांनी लग्नात तेच दोन शब्द उच्चारले होते आणि ते निस्तरायला आम्हाला वर्ष लागलं. पण त्या दिवशी मला हो ऐकायचं होतं, आणि तेच मी ऐकलं.

अकोल्याला माझ्या मेव्हण्याचं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, मोटारसायकल, कशाचीही गादी तो शिवून देतो. मी डोंग्याची मापं कागदावर काढून नेली, अगदी वर्गात फळ्यावर काढायचो तशी, तीन बाजूंनी. तळाला जाड फोमच्या लाद्या, आतल्या कडांना काठापर्यंत फोम आणि त्यावर हिरवं रेक्झिन. मेव्हण्याने कागद बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ज्याचा डोंगा हाय, त्याले इचारलं का हे सारं?"

"तो हो म्हणाला."

"त्यानं काय मागतलं होतं?"

"काही नाही मागितलं. मी आपणहून करून राहिलो."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तो कातरीकडे वळला. ठीक आहे असं त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं. गिऱ्हाईकाची गादी शिवण्याआधी तो त्याला खुर्चीवर बसवून बघतो, कुठे टेकतो, कुठे दुखतं ते विचारतो. तीस वर्षं मुलांना 'आधी मोजा, मग कापा' शिकवणाऱ्या मला ते बघूनही काही सुचलं नाही.

मे महिन्यात दोन दिवस मी धरणाच्या काठावर मांडी घालून काम केलं. त्याची बायको तेव्हा माहेरी गेली होती. डोंगा पालथा, मग सुलटा करून घासला, चपलेला लावतात त्या सोल्युशनचे दोन हात दिले आणि एकेक लादी अशी बसवली की मध्ये नख जाऊ नये. काठाला भोकं पाडून दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा चार नळ्या तिरक्या बसवल्या. बोल्ट, वायसर, डबल नट. तो बाजूला बसून मला हवं ते हातात देत होता. सगळं झाल्यावर तो उठला, वल्हं उचललं आणि त्याच्या बुडख्याने डोंग्याच्या तळावर दोनदा ठोकलं. मान तिरकी करून थोडा वेळ थांबला. मग कडेवर ठोकलं.

"आवाज बंद झाला," तो म्हणाला.

"मग! तेच तर करायचं होतं!" मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या रविवारी मी नारळ आणि पेढे नेले. इतर मच्छीमारांना बोलावलं. गादीवर त्याला बसवून, नळ्यांमध्ये चार रॉड खोचून फोटो काढले. फोटोत तो हात गुडघ्यांवर ठेवून, लग्नातल्या फोटोला बसतात तसा ताठ बसला आहे. तो फोटो मी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, 'छोटीशी मदत' असं खाली लिहून. छोटीशी हा शब्द मी खूप विचार करून घातला होता.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झाली आणि माझे रविवार पुन्हा सुरू झाले. काय ते सुख! मऊ बसायला, रॉड नळीत, डोंगा मांजरासारखा गुपचूप. दर वेळी गादी धुतलेली असायची. "कसं काय वाटते आता?" असं मी दर रविवारी विचारायचो आणि तो दर रविवारी म्हणायचा, "मस्त हाय, सर. सोफ्यावर बसल्यावानी." दोन-तीनदा मला नळ्यांच्या बोल्टात नायलॉनचे धागे अडकलेले दिसले. एका नळीचा काठ तडकला होता. मी त्याला म्हणालो, "अरे भाऊ, जरा जपून वापरत जा. एवढ्या मेहनतीनं केलेलं हाय." त्याने मान हलवली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती म्हण माझ्यासाठी आहे हे कळायला साठी उलटावी लागली.

आणखी एक गोष्ट दिसली होती. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम ऐन भरात होता, वरूडकडे ट्रक आणि ट्रॅक्टर धावत होते, आणि त्याची बायको मात्र घरी होती. चहा द्यायची, बोलायची नाही. मला वाटलं, बाई थकली असेल, बरं झालं थोडा आराम मिळतोय.

डिसेंबरमध्ये एका बुधवारी मोर्शीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून सहज धरणावर गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. काठावरून लांबवर डोंगा ओळखला, हिरव्या रंगामुळे. तो जाळं सोडत होता आणि पुढच्या टोकाला त्याची बायको बसली होती. तिने एका हाताने जर्मनचं पातेलं धरलं होतं, बूड पाण्याला टेकवून, आणि दुसऱ्या हातातल्या काठीने ती ते बडवत होती. ढण ढण ढण. मध्येच जाळं अडकायचं. मग ती पातेलं पायांत दाबायची, मागे सरकून नळीपाशी अडकलेला पीळ बोटांनी सोडवायची आणि पुन्हा बडवायला लागायची.

मला वाटलं, काहीतरी परंपरा आहे. पाण्याची पूजाबिजा, मार्गशीर्षातलं काही व्रत. मी मोबाइल काढला, दोन मिनिटांचं चित्रीकरण केलं आणि तिथेच उभं राहून ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, 'आपल्या भोई बांधवांची जलपूजनाची दुर्मीळ प्रथा. नादब्रह्म!' डोंगा काठाला लागेपर्यंत चार अंगठे आणि दोन नमस्कार आलेही होते.

डोंग्यात मासळी फारशी नव्हती. मला बघून तो दचकला. पहिल्यांदा त्याने काय केलं असेल, तर गळ्यातला पंचा काढून गादीवरची घाण पुसायला लागला.

"काय पूजा होती वहिनी आज?" मी हसत विचारलं.

ती उतरत होती. ती थांबली. "कायची पूजा?"

"ते पातेलं..."

"जाऊ दे ना," तो तिला म्हणाला.

"काहून जाऊ दे? इचारून राहिले ना ते?" ती माझ्याकडे वळली. हातातलं पातेलं तिने माझ्यासमोर धरलं. बूड चेपून चेपून आत गेलं होतं. "सर, जायं लावलं का डोंगा ठोका लागते. ठोकलं का मासा बुडातल्या झाडोऱ्यातून निघते आन जाळ्याकडे पयते. यायचा बाप असाच ठोके, हे बी असेच ठोकत. जायं सोडता सोडता पायानं, वल्ह्यानं. एकटा माणूस सारं करे. तुमी तर डोंगाच मुका करून ठेवला. आता हे जायं सोडतात आन मी पातेलं बडवतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पंचा पिळत होता.

"मंग सांगितलं काहून नाही मला?" मी विचारलं. आता आठवलं की याच प्रश्नाची सगळ्यांत जास्त लाज वाटते. चूक माझी, आणि जाब मी त्याला विचारत होतो.

"मी म्हटलं होतं, काढून फेका," ती म्हणाली. "हे म्हणे, सर दर रविवारी येतात, त्याईले वाईट वाटन."

मी फिटर ट्रेडचा माणूस. वाजत्या थाळीवर हात ठेवला की ती गप्प होते, हे मी पोरांना दर वर्षी करून दाखवायचो. त्याच्या डोंग्यावर मी काठापासून काठापर्यंत हात ठेवला होता आणि वरून सोल्युशन लावलं होतं. मासा पळू नये म्हणून मला शांतता हवी होती, आणि मासा पळावा म्हणून त्याला आवाज हवा होता. दोन वर्षं मी त्याच्या डोंग्यात बसलो. तो पोट कसं भरतो हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मला फक्त त्याचा रविवार माहीत होता, तो माझ्यासाठी ठेवलेला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या काठावर कळलं. मी काहीतरी पुटपुटलो आणि स्कूटर काढली.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर नादब्रह्म तीस जणांनी पुढे पाठवलं होतं. एका माजी मुख्याध्यापकांनी त्याचा वेदांशी संबंध लावला होता. मी चित्रीकरण काढून टाकलं. का काढलं, असं दोघांनी विचारलं. 'चुकून गेलं' असं मी लिहिलं. एवढंच लिहिण्याचं धाडस झालं, पुढचं झालं नाही.

रविवारची वाट न बघता शुक्रवारी गेलो. पत्रा खरवडायची पाती, थिनर, पाने, सगळं घेऊन. गादी काढायला दोन नाही, चार दिवस लागले. मीच चिकटवलेली! माझं काम किती पक्कं असतं याचा अभिमान मी आयुष्यभर बाळगला. त्या चार दिवसांत मी स्वतःच्या पक्केपणाला शिव्या घातल्या. फोम चुऱ्याचुऱ्याने निघाला. नळ्या काढल्या, भोकांना डांबर भरलं. तो मदतीला बसला होता. मी नको म्हणालो तरी. एकदा म्हणालाही, "सर, मागची लादी राहू द्या ना. तुमाले बसाले." मी तीच लादी आधी खरवडायला घेतली.

शेवटी त्याने वल्हं उचललं आणि ठोकलं. डोंगा वाजला. पहिल्यासारखा अगदी नाही, सोल्युशनचे थर कुठे कुठे राहिले होते, पण वाजला. तो हसला. तो माझ्यासाठी हसत होता हे आता मला ओळखता यायला लागलं होतं.

ती दारात उभी राहून बघत होती. मी हात पुसत तिच्याकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, आता झालं. उद्यापासून तुम्ही वरूडला जा."

"कुठं जाऊ?" ती म्हणाली. "सप्टेंबरात मालकाचा माणूस दोनदा बलावाले आला. मी नाही म्हटलं. माह्या जागेवर दुसरी बाई घेतली त्याईनं. चांगली हाय ते. तिले काहून काढतीन?"

मला त्या व्यापाऱ्याचं नाव माहीत होतं. त्याचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी, आजही दिसला की वाकून नमस्कार करतो. माझ्या अंगात एकदम उत्साह आला. पहिल्यांदाच काहीतरी नीट करता येण्यासारखं समोर दिसलं. "थांबा," मी म्हणालो, "मी आत्ताच फोन करतो. तो माझं ऐकेल. तुमची जागा तुम्हाला परत..." आणि मी खिशातून मोबाइल काढला.

तिने पुढे होऊन माझा मोबाइलवाला हात खाली केला. दोन वर्षांत तिने मला कधी स्पर्श केला नव्हता. आवाज तिचा नेहमीसारखा मोठा नव्हता. नवऱ्यासारखा होता.

"सर," ती म्हणाली, "आता आमच्यासाठी काही करू नका. येवढं करा."